असे कोण कोणास म्हणाले?

शाळेच्या वहीत न बोलणाऱ्या गोष्टी बोलायला लागतात त्या साधारण सहावीत. तोवर मूल ‘माझी आई’, ‘माझी शाळा’, ‘माझा आवडता सण’ असले निबंध दहा ओळींत उरकत असतं. आईचं नाव, आईच्या हातचा एखादा पदार्थ, शेवटी ‘अशी माझी आई मला खूप आवडते’, की झालं. सहावी उजाडते आणि फाटकी छत्री, पडका वाडा, पुरात वाहून गेलेला पूल, म्हातारा बैल असे एकेक जण मनोगत मांडायला पुढे सरसावतात. परीक्षेच्या भाषेत याला आत्मवृत्तात्मक निबंध म्हणतात.

बोलतात मात्र सगळे एकाच धाटणीत. मूल संध्याकाळी फिरायला बाहेर पडलेलं असतं. कुठूनसा आवाज येतो. ते दचकून इकडेतिकडे बघतं, तर कोणीच नाही. ‘घाबरू नकोस बाळा, मी छत्री बोलतेय.’ मग छत्रीचा कारखान्यातला जन्म, दुकानातलं वास्तव्य, मालकाच्या घरातले सुखाचे दिवस, पहिलं भोक, अडगळीची खोली आणि जाता जाता मानवजातीला दोन उपदेश. ‘एवढे बोलून तो आवाज बंद झाला.’ या वाक्यावाचून पुरं झालेलं मनोगत मराठी माणसाने क्वचितच लिहिलं असेल.

या निबंधांची टिंगल सगळेच करतात. साचेबंद आहेत, खोटे आहेत, मुलांना आपलं म्हणणं आपल्या शब्दांत मांडू द्या, असं शिक्षणावर बोलणारी मंडळी म्हणत असतात. साचेबंद आहेत हे खरंच. पण खोटे आहेत म्हणून मोडीत काढावेत, हे मला पटत नाही. सहावी ते आठवीच्या मराठीच्या तासाला जे काही शिकवलं जातं, त्यात दुसऱ्याच्या तोंडून ‘मी’ म्हणायला लावणारा हा प्रकार मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

माझी धाकटी बहीण बीड जिल्ह्यातल्या एका गावात सहावी ते आठवीला मराठी शिकवते. तिच्याकडे मुक्कामाला गेलो की रात्रीची जेवणं झाल्यावर ती वह्यांचा गठ्ठा घेऊन बसते, आणि तिने तपासून बाजूला ठेवलेल्या वह्या मी चाळत बसतो. मुलं मराठीत काय शिकतात याची माझी बरीचशी माहिती तिथली आहे.

शिकतात तसं पुष्कळ. शब्दांच्या जाती, काळ, विरामचिन्हं, म्हणी, वाक्प्रचार, कवितांचे अर्थ, पत्रं, बातम्या, संवाद. धड्याखालच्या चौकटींना आता ‘खेळूया शब्दांशी’, ‘शोध घेऊया’, ‘आपण समजून घेऊया’ अशी आर्जवी नावं आहेत. आत मात्र जुनी मंडळी भेटतात. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली त्याचा भलाथोरला शास्त्रीय ग्रंथ केला, आणि त्या घराण्याची नातवंडं-पतवंडं आजही फळ्यावर आठ जातींच्या रांगेत उभी असतात. पोरांना त्यातलं केवलप्रयोगी अव्यय तेवढं मनापासून आवडतं. ‘अबब’, ‘छी’, ‘अरेरे’, ‘शाब्बास’ असं भर वर्गात ओरडायला मिळतं आणि वर तो अभ्यास असतो.

या सगळ्या पसाऱ्याच्या तळाशी मला एकच प्रश्न दिसतो, आणि तो प्रत्येक मराठी माणसाने कधी ना कधी सोडवलेला आहे: असे कोण कोणास म्हणाले? धड्यातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत उचलून द्यायचं आणि मुलाने दोन नावं लिहायची. सोपे गुण. हुशार मुलं तो आधी उरकतात, ढ मुलं त्याच्या जिवावर पास होतात, आणि परीक्षा संपली की तो कुणाच्या लक्षातही राहत नाही. मला मात्र हा त्या प्रश्नपत्रिकेतला सगळ्यांत अवघड प्रश्न वाटतो. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे ठरल्याखेरीज वाक्याचा अर्थच लागत नाही. ‘ये आता घरी’ हे आईने खेळणाऱ्या पोराला म्हटलं तर हाक असते, सासऱ्याने जावयाला म्हटलं तर मानपान असतो आणि सावकाराने कुळाला म्हटलं तर धमकी.

आता त्या वह्यांतली एक. विषय होता ‘घरातील एका वस्तूचे मनोगत’. टीव्ही, फ्रिज, आरसा, देव्हाऱ्यातली समई असं अपेक्षित सगळं येऊन गेलं होतं. सातवीतल्या कुणा मुलीने मिक्सर निवडला होता. सुरुवात रीतसर होती: मिक्सर कुठे तयार झाला, मामाने तो दिवाळीला कसा आणला, शेंगदाण्याचं कूट करताना त्याला कशा गुदगुल्या होतात. मग मधेच चार ओळी अशा: ‘आईला बाबांना काही सांगायचे असले की ती मला चालू करते आणि मग बोलते. बाबा विचारतात, काय? आई म्हणते, काही नाही. मी सगळे ऐकलेले असते. पण मी सांगणार नाही.’ पुढे पुन्हा मिक्सरचं भांडं, त्याची पाती, झाकणाची रबरी रिंग हरवल्याची तक्रार. आवाज बंद झाल्याचं वाक्य नव्हतं. निबंध रबरी रिंगेपाशीच थांबला होता.

बहिणीने ‘मीक्सर’चा ‘मि’ ऱ्हस्व केला होता, दोन अनुस्वार टाकले होते, आणि त्या चार ओळींपाशी लाल पेनचा एक ठिपका नुसता टेकवून ठेवला होता.

“काय लिहू रे दादा इथं?” तिने विचारलं. वही कुणाची हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

“तू काय लिहिणार होतीस?”

“‘छान’ लिहिलं तर खोटं वाटतं. बोलावून विचारलं तर ती परत कधी असं लिहायची नाही.”

बऱ्याच वेळाने तिने लिहिलं, ‘मिक्सरने गुपित राखले, हे आवडले.’ आणि पुढची वही ओढली.

याच मुलीला ‘माझी आई’ असा निबंध घातला असता, तर तिने आई पहाटे उठते, पुरणपोळी छान करते आणि सर्वांची काळजी घेते असं लिहून वही मिटली असती. त्यात लबाडी नसती. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घरातलं दिसायला लागलेलं असतं, पण ते ‘मी’ म्हणून सांगण्याची सोय त्याच्यापाशी नसते. सांगितलं तर चहाडी होते, न सांगितलं तर आत साचतं. अशा वेळी मराठीचं पुस्तक त्याला म्हणतं, तू बोलू नकोस, मिक्सरला बोलू दे. मिक्सरच्या आवाजाआड ती आई बोलते, आणि मिक्सरच्या तोंडाआड तिची मुलगी. असे कोण कोणास म्हणाले? ही मुलगी मोठी होऊन लेखक झाली नाही तरी चालेल. सांगायचं ते सांगता येतं आणि राखायचं तेही राखता येतं, हे तिला सातवीत कळलं आहे.

मुखवटे सगळेच काही असे उपकारक नसतात. आठवीपर्यंत पोचलेल्या मुलाला एक दुसरा मुखवटाही मिळतो, तो वैचारिक निबंधातला. ‘आपण झाडे लावली पाहिजेत.’ ‘आपण पाण्याचा जपून वापर केला पाहिजे.’ ‘आपण सर्वांनी मिळून ही प्रथा बंद केली पाहिजे.’ हा ‘आपण’ म्हणजे नेमके कोण, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्यालाही. त्यात लिहिणारा नाही, त्याचा बाप नाही, सरपंच नाही आणि पाणी पळवणारा बागाईतदारही नाही. मिक्सरच्या आड एक मुलगी तरी असते. या ‘आपण’च्या आड कुणीच उभं नसतं. पुढे आयुष्यभर भाषणांत, परिपत्रकांत आणि शोकसभांत आपण जी भाषा ऐकतो, तिचा पाया याच निबंधांत घातला जातो.

बोलतं कोण आणि ऐकतं कोण, हा प्रश्न पाठ्यपुस्तकालाही लावून बघता येतो. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडींच्या देखरेखीखाली जी क्रमिक पुस्तकं निघाली, त्यांत सरकार रयतेच्या मुलाशी बोलत होतं. बोलणं हिताचं होतं, पण वरून खाली येणारं होतं. आचार्य अत्रे हे हाडाचे शिक्षक. लंडनला जाऊन शिक्षकाची पदविका घेऊन आलेले. त्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’त पुस्तक मुलाशेजारी बाकावर येऊन बसलं. मग कोठारी आयोगाच्या काळात पाठ्यपुस्तकांचा विचार देशभर नव्याने झाला आणि १९६७ च्या जानेवारीत पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ उभं राहिलं, ज्याला आपण ‘बालभारती’ म्हणतो. तेव्हापासून गडचिरोलीच्या आणि गिरगावच्या मुलाच्या दप्तरात मराठीचं एकच पुस्तक आलं. एवढ्या मुलांशी एकाच वेळी एका आवाजात बोलायचं, ही फार अवघड कामगिरी आहे. म्हणून ते पुस्तक मधूनमधून आवाज बदलतं. कुठे बालकवींचा ‘श्रावणमास’, कुठे संतांचे अभंग, कुठे लोककथा.

सातवीच्या पुस्तकात ‘तोडणी’ नावाचा पाठ आहे, ऊसतोडणी कामगारांच्या पोरांचा. बहिणीच्या वर्गात तो शिकवायची वेळ येते तेव्हा ज्यांच्याविषयी तो लिहिला आहे त्यांतली काही मुलं वर्गात नसतात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि ज्या घरी पोरांना सांभाळायला आजी-आजोबा नाहीत, त्या घरची पोरं फडावर जातात. पाठ त्यांच्याविषयी असतो आणि ऐकतात इतर. बहीण तो पाठ शक्य तितका मागे ढकलते, मार्च-एप्रिलात टोळ्या परतेपर्यंत. परतलेल्या एका पोराने पाठ ऐकून एकच गोष्ट सांगितली: थंडीत पहाटे उसाच्या पाल्याने हात कापतात ते यात लिहिलेलं नाही. तिने ते फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांना वहीत उतरवून घ्यायला लावलं.

त्याचं वाक्य फळ्यावर आलं ते त्याने म्हटलं तसंच आलं, हेही सांगायला हवं. प्रमाणभाषा आणि घरची बोली यांचं भांडण मराठीच्या तासाला नवं नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे चौदा नियम केले, १९७२ साली आणखी चार घातले, आणि या अठरा नियमांच्या काठीने कित्येक पिढ्यांच्या बोटांवर वळ उठले. बहिणीची यावर साधी तोड आहे. अवतरणचिन्हांच्या बाहेर नियम चालतील, आत माणूस जसा बोलतो तसा बोलेल. शंकर पाटलांच्या आणि मिरासदारांच्या कथांनी हीच वाट धरली होती. रा. रं. बोराड्यांनी ‘पाचोळा’त तर ती चिन्हंच ओलांडली आणि सबंध कादंबरी मराठवाड्यातल्या एका शिंप्याच्या बायकोच्या बोलीत सांगितली. विरामचिन्हांचा धडा गुणांसाठी असतो असं मुलांना वाटतं. पण अवतरणचिन्ह कुठे उघडतं आणि कुठे मिटतं हे कळणं म्हणजे आपलं म्हणणं आणि दुसऱ्याचं म्हणणं वेगळं ठेवता येणं. कितीतरी मोठ्या माणसांना ते शेवटपर्यंत जमत नाही.

नाही तर फोनवर सकाळी सकाळी पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावाने जे येतं ते आलं नसतं. पु. लं.नी जन्मात लिहिलं नसेल असं पाणचट वाक्य, मागे सूर्योदयाचं चित्र, खाली त्यांचं नाव. पाठवणारे पदवीधर असतात. असे कोण कोणास म्हणाले, या सोप्या प्रश्नाचे गुण यांनी एकेकाळी मिळवलेले आहेत. वहीतला प्रश्न वहीतच राहिला, दुसरं काय?

शहरांत या तासाचा आणखी एक मामला आहे. राज्याने २०२० साली कायदा करून सगळ्याच मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, आणि सुरुवात पहिलीपासून व सहावीपासून केली. त्यामुळे पुण्या-मुंबईतली तमिळ, बंगाली, मारवाडी घरांतली मुलंही आता सहावीत मराठीचा निबंध लिहितात. माझ्या सोसायटीतला एक मुलगा घरी तमिळ, शाळेत इंग्रजी आणि लिफ्टमध्ये हिंदी बोलतो. त्याला ‘मी झाड बोलतोय’ लिहायचं होतं. तो मला म्हणाला, “काका, झाड मराठीत बोलतं का?” मी म्हटलं, महाराष्ट्रातलं असेल तर बोलेल. पण प्रश्न त्याचा बरोबर होता. इतर मुलांना झाडाचा मुखवटा घालायचा असतो, त्याला आधी मराठीचा घालायचा होता. त्याच्या झाडाने मोजून नऊ वाक्यं म्हटली. त्यातली दोन मला फार आवडली, कारण ती कुठल्याही गाइडात सापडली नसती: ‘मी रस्त्याच्या बाजूला आहे. माझ्या पोटात खिळा आहे, त्यावर क्लासची जाहिरात आहे.’

गाइड हाच या तासाचा खरा शत्रू. गाइडातली छत्री कुणीच नाही आणि ती कुणाशीच बोलत नाही. ‘प्रस्तुत कवितेत कवीला असे म्हणायचे आहे की’ या वाक्यात कवी नसतो आणि मूलही नसतं. आता गाइड विकत आणायचीही गरज उरली नाही. आठवीतली मुलं बापाच्या फोनला सांगतात आणि तो अर्ध्या मिनिटात दोनशे शब्दांचं मनोगत काढून देतो, तेही ऱ्हस्व-दीर्घाच्या फारशा चुका न करता. बहिणीला ते लगेच ओळखू येतं. ती म्हणते, त्यातल्या विहिरीला सगळ्या विहिरींबद्दल माहिती असते, पण आमच्या विहिरीबद्दल नसते.

मध्यंतरी सरकारने एक प्रयोग केला होता. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांचे चार भाग केले आणि धड्यांमध्ये कोरी पानं घातली, वर शीर्षक ‘माझी नोंद’. हेतू दप्तराचं ओझं हलकं करण्याचा होता. वह्या काही सुटल्या नाहीत, आणि दोन वर्षांत ती पानं काढून टाकायचं ठरलं. बहिणीकडे त्यातली काही पुस्तकं अजून आहेत. ‘माझी नोंद’खाली बहुतेकांनी फळ्यावरची उत्तरं उतरवून घेतली आहेत, शब्दाला शब्द, सगळ्यांची सारखी. पानाला ‘माझी’ म्हटलं म्हणून त्यावर ‘मी’ उगवत नाही. त्याला कुणीतरी ऐकणारं लागतं. शाळेत ऐकणारी एकच व्यक्ती असते आणि तिच्या हातात लाल पेन असतं. पोरं तिला आवडेल तेच लिहितात. आपणही कचेरीत हेच करतो.

या वर्षी तिने एक साधी युक्ती केली. सातवीची मनोगतं आधी तपासायची नाहीत, सहावीला वाचायला द्यायची. सहावीने त्या त्या वस्तूला उत्तर म्हणून पत्र लिहायचं. पत्रलेखन सहावीला आहेच. मायना, मजकूर, शेवट, सगळं रीतसर. सातवीतल्या एका मुलाने गावातल्या पाण्याच्या टाकीचं मनोगत लिहिलं होतं. टाकी अंमळ गर्विष्ठ होती. ‘मी साऱ्या गावाची तहान भागवते’ असं तिने दोनदा म्हटलं होतं. गाइडातल्या टाक्याही असंच म्हणतात, आणि लाल पेनाने त्याला बरोबरच दिलं असतं.

ती वही सहावीतल्या ज्या मुलीकडे गेली ती ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची. तिचं पत्र आलं: ‘प्रिय टाकीताई, स. न. वि. वि. तुझे मनोगत वाचले. तुझे पाणी आमच्या वस्तीवर येत नाही. आम्ही पलीकडच्या हातपंपावरून आणतो. तू साऱ्या गावाची असे का लिहिलेस? उत्तर पाठव. तुझी विश्वासू.’

सातवीतला तो मुलगा पत्र घेऊन बहिणीकडे आला आणि म्हणाला, बाई, आता काय करू? ती म्हणाली, मला काय विचारतोस? पत्र तुझ्या टाकीला आलंय.

त्याने दोन दिवस वही दिली नाही. मग दिली तेव्हा ‘साऱ्या गावाची’ हे दोन्ही ठिकाणी खोडलेलं होतं आणि वर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘ओढ्याच्या अलीकडची’. खाली एक ओळ वाढवली होती: ‘पलीकडे पाइप टाकला तर मी जाईन.’ निबंध दोनशे शब्दांचा होता, बदलले ते चार-दोन. पण मराठीच्या तासाला शिकण्यासारखं जे काही आहे ते त्या खाडाखोडीत सगळं आलं, असं मला वाटतं. बहिणीने ‘पाइप’चा इकार तेवढा तपासला. तो बरोबर होता.